पुजलेलं यंत्र

जेवण आटोपून पदराला हात पुसत मेधा टेबलाशी आली, तेव्हा आई अजून वाकलेलीच होती. खाटेच्या कडेला बसलेली, एक पाय जमिनीला टेकलेला, दुसरा अधांतरी. डावा हात कठड्यावर आणि उजवा खाली कशाकडे तरी लांबवलेला. चप्पल शोधत असेल, नाहीतर पडलेला रुमाल. मघाशी स्वयंपाकाला आत जाताना ओझरती नजर गेली होती तेव्हाही ती अशीच होती, म्हणून मेधाला आधी नुसती चीड आली. अगं बाई, केवढा वेळ ती चप्पल शोधायची! सगळा जन्म असाच, एक काम धरलं की त्यातच. मग तिने चष्मा लावला. भिंतीवरच्या पंख्याची तीनही पाती सुटी सुटी दिसत होती. खिडकीचा पडदा फुगून तसाच राहिला होता. कोपऱ्यातलं घड्याळ सकाळच्या वेळेवर अडलं होतं. म्हणजे आई थांबली नव्हती, टेबलावरच्या लॅपटॉपमधलं चित्र थांबलं होतं. आणि ते थांबलं त्या घटकेला आई खाटेवरून उतरत होती, एका पायावर, जवळ कुणी नसताना. त्यानंतर इथे सगळा स्वयंपाक झाला, नैवेद्य झाला, ती पोटभर जेवली, वर अर्धी पुरणपोळी आणखी वाढून घेतली, आणि तेवढ्या वेळात रायापूरच्या त्या खोलीत काय झालं हे तिला ठाऊक नव्हतं.

वेणूबाईंना, म्हणजे मेधाच्या आईला, रायापूरच्या वृद्धांच्या घरात ठेवून आता वर्ष होत आलं होतं. ठेवून. हा शब्द मेधा बाहेर वापरायची नाही. शाळेत सहकारी बायकांना ती सांगायची, 'आई तिकडे असते,' जशी काही आईच कुठे हवापालटाला जाऊन राहिली आहे. त्याआधी कंबरेचं हाड मोडलं, खिळा घालून जोडलं, आणि डॉक्टरांनी चष्मा पुसत सांगितलं होतं, 'पुन्हा पडू देऊ नका. पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत.' त्यात विसरभोळेपणा वाढला. गॅस चालू राहायचा, दार उघडं राहायचं. मेधाची हायस्कूलची नोकरी, नवरा वादिराज बागलकोटला बदलीवर, मुलगा मुकुल पुण्याला. कमरीपेठेतला हा वरचा मजला, त्याचा तो उभा जिना. सगळी कारणं खरी होती, एकही खोटं नव्हतं. मेधाने ती इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली होती की आता ती पाढ्यांसारखी बिनचूक यायची. आणि सगळ्यात शेवटी, समोरच्याने मान हलवली की ती म्हणायची, 'शिवाय कॅमेरा आहे हो. मी रोज बघते आईला.'

बघायची खरंच. शाळेतून आली की पायही न धुता मुकुलचा जुना लॅपटॉप उघडायची. त्याच्या इंजिनीअरिंगच्या दिवसांतलं ते जडशीळ धूड फार हळू चालतं म्हणून त्याने त्यावर लिनक्स घालून दिलं होतं. चित्र यायचं. छताच्या कोपऱ्यातून दिसणारी आई: डोक्यावरचे विरळ केस, मधली रेघ, खांदे. आवाज नाही. आई जेवायची, भिंतीकडे बघायची, पदराची गाठ सोडायची आणि बांधायची. मेधा इकडे वह्या तपासायची, भाजी निवडायची, मध्येच वर बघून म्हणायची, 'अगं, पाणी पी की गं थोडं.' एकदा आईने त्याच क्षणी खरंच भांडं उचललं, तेव्हा मेधाला इतका आनंद झाला की तिने टाळीच वाजवली. मग आपल्या टाळीचा आवाज रिकाम्या घरात ऐकून ती वरमली. रोज तास दोन तास आईच्या खोलीत बसल्याचं समाधान पदरात पडायचं, आणि त्या समाधानापायी रायापूरला प्रत्यक्ष जाणं आधी आठवड्याचं पंधरवड्यावर गेलं, मग महिन्यावर, मग 'जायला हवं' या बोलण्यावर.

आज खंडेनवमी. सकाळी तिने घरातली सगळी हत्यारं पुजली. विळी, सुरी, कात्री, मिक्सर, वादिराजची पडून असलेली स्कूटर, आणि मुकुलचा लॅपटॉप. आईने लहानपणी घालून दिलेली शिस्तच तशी; आईकडे तेव्हा शिलाईचं यंत्र होतं, आणि त्याला ती आधी न्हाऊ घातल्यासारखं पुसायची, मग हळदकुंकू, मग हात जोडून म्हणायची, 'वर्षभर राबवलं बाई तुला, आज नीज.' त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. शेजारणीची पोर सणाचा उसवलेला झगा काखेत धरून रडत आली तरी आईने सुईदोऱ्यानेच टाचून दिलं होतं, यंत्र उघडलं नव्हतं. मेधाने आज लॅपटॉप उघडा ठेवूनच ओल्या फडक्याने पुसला. आई समोर होती ना चित्रात, झाकण मिटायचं कसं? कळा पुसल्या, कडा पुसल्या, पुढच्या काठाच्या खाचेत मळ बसला होता तो फडक्याचं टोक घालून जोर लावून काढला, आणि तिथेच हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. हात जोडले. त्या वेळी आई उतरायला लागली असणार. मेधाचे डोळे मिटलेले होते.

आता तिने पान पुन्हा उघडायचा प्रयत्न केला. आई गेली, पांढरा पडदा आला, आणि त्यावर एक वाक्य, की आपण जोडलेले नाही. वरच्या कोपऱ्यात वायफायचं पंख्यासारखं चिन्ह असायचं ते मुळी नव्हतंच. तिने जाऊन राउटर बंद करून चालू केला; त्याचे हिरवे दिवे शहाण्या मुलांसारखे एकामागून एक लागले. फोनवर नेट येत होतं. पण फोनवर ते कॅमेऱ्याचं पान उघडत नव्हतं, संकेतशब्द मागत होतं, आणि संकेतशब्द लॅपटॉपच्याच पोटात. फोनवरचं तिने स्वतःच काढून टाकलं होतं. शाळेत, वर्ग चालू असताना, फळ्याकडे तोंड करून ती बघायला लागली होती, एकदा पोरं हसली, म्हणून. तिने रायापूरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. आईकडे बघणारी अनुसया म्हणून अळणावरकडची एक बाई होती, मराठी बोलणारी, तिचा नंबर लावला. तोही वाजून वाजून थंड झाला. आज सगळीकडे पूजा असेल. चाकाच्या खुर्च्यांना, मिक्सरला, गाडीला हार घालत असतील. गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवत असतील. आणि खोलीत आई जमिनीवर पडली असेल, तर ती हाक मारायची नाही. मेधाला आपली आई पक्की ठाऊक होती. हाड मोडलं तेव्हा ती न्हाणीघरात गप पडून होती. 'तू वह्या तपासत होतीस ना,' म्हणाली होती.

तिने मुकुलला फोन केला. 'आई, मी कामात आहे,' हे त्याचं हॅलो. ती म्हणाली, 'अरे, आज खंडेनवमी.' 'इथे कसली खंडेनवमी. बोल.' तिने सांगितलं. आजीचं चित्र थांबलंय, आजी उतरत होती, कुणी फोन उचलत नाही. त्याचा आवाज जरा मऊ झाला. 'बरं, घाबरू नको. ती काळी खिडकी उघड. टर्मिनल. मी सांगतो ते टाइप कर.' तो अक्षरं सांगत गेला, ती एका बोटाने दाबत गेली. पडद्यावर ओळींचा पूर आला. 'त्यात वायरलेस असा शब्द दिसतोय?' दिसला. 'म्हणजे कार्ड जिवंत आहे. काल अपडेट घेतलंस का?' 'ते विचारत होतं, मी हो म्हटलं.' 'प्रत्येकाला हो काय म्हणतेस तू!' आता ड्रायव्हर काढून पुन्हा घालायचा होता. संकेतशब्द मागितला. ती दाबत होती, पण पडद्यावर काहीच उमटत नव्हतं, ना अक्षर ना ठिपका. 'अरे, काही येतच नाहीये.' 'तसंच असतं. दिसत नाही, पण जातं. तू टाइप करत राहा.' ती आंधळ्यासारखी दाबत राहिली. चूक. पुन्हा दाबलं. चूक. तिसऱ्या वेळी घेतलं. ड्रायव्हर गेला, आला. कोपरा रिकामाच.

'फोनचा हॉटस्पॉट लावून बघ,' मुकुल म्हणाला. हॉटस्पॉटही लॅपटॉपला दिसेना. त्याला जगातलं कुठलंच नेट दिसत नव्हतं. पलीकडे कुणीतरी इंग्रजीत त्याला हाक मारली. 'आई, मला दहा मिनिटं दे. एक कॉल आहे, घेऊन येतो.' ती घाईने म्हणाली, 'दिवाळीला तरी येतोस ना?' का म्हणाली कुणास ठाऊक, आत्ता त्याचं काय होतं! तो म्हणाला, 'बघतो. पुढच्या आठवड्यात सांगतो,' आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात. हे मेधाचं स्वतःचं वाक्य होतं. शेवटची ती रायापूरला गेली तेव्हा उन्हाळा होता. आईच्या खोलीत शिरली तर आई पिशवी घेऊन बसलेली. पिशवीत एक लुगडं, कंगवा आणि पाण्याचं भांडं. 'आलीस? चल.' 'कुठे गं?' 'घरी, आणखी कुठे.' मेधाने मग नेहमीचं सगळं केलं. सफरचंद कापलं, नखं काढली, अनुसयाची चौकशी केली. आई दर थोड्या वेळाने विचारायची, 'निघायचं ना?' आणि मेधा म्हणायची, 'पुढच्या आठवड्यात हं, आई. जिन्याला कठडा बसवतेय.' कठडा कुठला बसवणार? घर भाड्याचं. निघताना आईने तिचा पदर धरला. जोर असा नव्हता. म्हाताऱ्या बाईच्या हातात कसला आलाय जोर! पण बोटं सुटेनात. मेधाला एकेक बोट उचलून सोडवावं लागलं, तान्ह्या मुलाच्या मुठीतून केस सोडवावे तसं, आणि सोडवताना ती हसत होती, 'अगं, अगं, असं काय करतेस,' आणि आईही हसत होती. शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती. बाहेर येऊन चिगरी बसमध्ये बसल्यावर मेधाला पदरावर पाच ठिकाणी चुरगळल्याच्या खुणा दिसल्या. त्या दिवसानंतर ती गेली नव्हती. आईची तिला भीती वाटत होती. माया होती, काळजी होती, रात्री दचकून उठणं होतं. पण खरं काय ते हेच, की तिला त्या बोटांची भीती वाटत होती. कॅमेऱ्यातून आई कुणाचा पदर धरू शकत नव्हती.

खालून आज आवाज नव्हता. या घराखाली नागेशचा लेथचा कारखाना. रोज लोखंड कापल्याचा किंचाळता सूर जिन्यावरून वर यायचा आणि मेधा त्याच्या नावाने बोटं मोडायची. आज यंत्रं निजलेली. झेंडूचा, उदबत्तीचा, वंगणाचा मिसळलेला वास तेवढा वर येत होता, आणि रस्त्यावर कोहळे फोडल्याचा थप असा ओला आवाज. दर आवाजाला मेधाच्या डोळ्यांसमोर आई पडत होती. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. कधी ती कुशीवर पडायची, कधी डोकं कठड्यावर आपटायचं. कधी पडायचीच नाही, नुसती वाकून चप्पल घ्यायची, पायात घालायची आणि दाराबाहेर चालू लागायची, हमरस्त्याकडे. मेधा उठली, बसली, फोन लावला. कुणी उचलला नाही. आणि मग तिला एक अगदी साधी गोष्ट सुचली, इतकी साधी की तिला स्वतःची लाज वाटली: रायापूर काही परदेशात नाही. खाली उतरावं, रिक्षा करावी, चिगरी धरावी. तासाभरात आईच्या खाटेपाशी. मघापासून ती त्या काळ्या खिडकीत अक्षरं दाबत बसली होती ती कशाला? बाई गं, तुला आईपाशी जायचंय की आईचं चित्र आणायचंय?

हे मनात आलं तशी ती ताडकन उठलीच. साडी बदलली. देवापुढची पुरणपोळी डब्यात घातली, वर तुपाचा गोळा ठेवला. आईला तूप फार. आरशापुढे कुंकू लावताना तिला एकाएकी हलकं वाटलं, कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं. भीती होतीच, पण तिला आता दिशा सापडली होती. तिने अनुसयाच्या फोनवर बोलून निरोप ठेवला: 'अनुसया, आई कशी आहे गं? पडलीबिडली नाही ना? मी निघालेय, बघ. आईला सांग मेधी येतेय म्हणून.' मेधी हे आईनेच तिला ठेवलेलं नाव. तिने ते कितीतरी दिवसांत तोंडाने उच्चारलं नव्हतं.

दाराला कुलूप लावत होती तोच नागेश जिना चढून आला, कपाळभर भंडारा, हातात प्रसादाचा द्रोण. 'अक्का, पूजेला बर्री, या म्हणून सकाळपासून निरोप धाडतोय, तुम्ही खाली आलाच नाहीत! कुठं निघालात सणाचं?' 'रायापूरला. आईकडे.' 'हौदा, खरंच? चांगलं झालं बघा,' नागेश मनापासून म्हणाला. 'अम्माला माझा नमस्कार सांगा. जिन्यात बसायच्या, मला म्हणायच्या, तुझं यंत्र रडतंय रे, तेल घाल. उद्या बन्नीचं सोनं घेऊन मी पण येतो की, सोडतो तुम्हाला गाडीवरनं.' मेधाला गहिवरून आलं. ती काहीतरी बोलणार तोच पिशवीतला फोन वाजला. अनुसया असेल म्हणून तिने धडपडत काढला. मुकुल होता.

'आई, सापडलं बहुतेक. लॅपटॉपसमोर आहेस?' 'मी निघालेय रे, आजीकडे.' 'दोनच मिनिटं. एकच कमांड. आजी आत्ता दिसेल तुला. जाऊन तासाने कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं ना?' बरोबरच होतं त्याचं. किती बरोबर होतं. नागेश द्रोण हातात देऊन खाली गेला. मेधाने कुलूप काढलं आणि चपलांसकट आत आली. जन्मात ती कधी चपला घालून घरात शिरली नव्हती. उभ्याउभ्याच तिने एका बोटाने कमांड दाबली. 'वाच काय आलं.' 'सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, येस.' 'हं! तरीच. म्हणजे कार्डाला काही झालेलं नाही, ड्रायव्हरलाही नाही. हार्ड ब्लॉक म्हणजे बाहेरून बटण बंद आहे. हे आतून, कमांड देऊन सुटत नाही, हातानेच सरकवावं लागतं. जुन्या मॉडेलला पुढच्या काठाला एक सरकतं बटण असतं बघ, नखाएवढं. आई, तू आज लॅपटॉप पुसलास का?'

मेधा वाकली. पुढच्या काठाला खाच होती, मळाची म्हणून तिने सकाळी जोर लावून कोरलेली. तिच्यात बटण होतं. बटणाशेजारी एक दिवा होता, निळा की तांबडा कळण्याची सोय नव्हती, कारण नेमकं त्यावरच तिने हळदीकुंकवाचं बोट टेकवलं होतं. ते वाळून घट्ट झालं होतं. म्हणजे बटण सरकवून नेट घालवलं कुणी? तिनेच, भक्तिभावाने. तिने नखाने कुंकू खरवडलं, बटण उजवीकडे ढकललं. टक्. कुंकवाखालचा दिवा निळा झाला. कोपऱ्यात चिन्ह आलं, त्यात नावं उतरू लागली, नागेशच्या कारखान्याचं, समोरच्या छापखान्याचं, सरतेशेवटी तिचं स्वतःचं. 'आलं?' 'आलं रे, आलं!' 'चला. आजीला बघ आणि मला मेसेज टाक,' म्हणून मुकुलने फोन ठेवला.

पान उघडलं. खाट रिकामी होती. चादर सरळ होती. मेधाने दोन्ही हातांनी टेबल धरलं. मग चित्राच्या खालच्या कडेने एक डोकं आत आलं, विरळ केसांचं, मधल्या रेघेचं, आणि आई चालत खाटेपाशी आली, एका हाताने कठडा धरून, पायात दोन्ही चपला. आई चालत होती. बसली. पदर सारखा केला. मेधाच्या तोंडातून हुंदका फुटला आणि ती खुर्चीत कोसळली. 'अगं आई, अगं आई गं,' ती त्या पडद्याला म्हणत होती, नाक पुसत होती, हसत होती. काही झालं नव्हतं. चप्पलच शोधत होती बिचारी. देवा, तुझे किती उपकार मानू! तिने मुकुलला कळवलं, 'आजी छान आहे.' त्याने अंगठा पाठवला.

मग थोडा वेळ गेला आणि रडू ओसरलं. मेधा बसून होती. उठायला हवं, तिच्या मनात आलं. डबा पिशवीत होता. पण पाय जड झाले होते. इतका वेळ जीव टांगणीला लागला होता, त्याचाच शीण. बाहेर ऊन कलत होतं. आज चिगरीला केवढी गर्दी असेल, सणाची. आता निघून पोचायचं, बसायचं कितीसं, आणि परत यायचं. आणि परत यायचं म्हणजे आधी निघायचं. पिशवी, लुगडं, कंगवा. 'निघायचं ना?' उद्या दसरा. नागेश गाडीवरनं सोडतो म्हणालाय, उद्याच जावं, बन्नीही देता येईल, मोठ्यांच्या पाया पडायचा दिवस. आज तर बघितलंच की. छान आहे. एकेक कारण समोर येत होतं, सगळी खरी, एकही खोटं नाही. मघाचा तो हलकेपणा ती आपल्या आत शोधत होती आणि तो जणू दुसऱ्याच कुणा बाईचा होता. आई पडली असती तर मेधा धावत गेली असती. अनवाणी गेली असती. आई पडली नव्हती, आणि तिला कळलं की आपण जाणार नाही.

तेवढ्यात चित्रात अनुसया आली. नवं पातळ, केसात झेंडू. पूजेवरून येत असावी. हातात फोन होता. तिने तो कानाला लावला, ऐकलं, हसली, आणि वाकून आईच्या कानाशी काहीतरी बोलली. मेधाला ऐकू आलं नाही, पण काय बोलली ते कळलं. आईने मान वर केली. काय म्हणालीस, असं विचारल्यासारखं. अनुसयाने पुन्हा सांगितलं. वरून, छताच्या कोपऱ्यातून, आईचा चेहरा कधी नीट दिसायचा नाही. पण आता तिने तो अनुसयाकडे वर उचलला होता, आणि मेधाला तो पुरता दिसला. ती हसत होती. मेधाने हात पुढे केला, थांब, सांगू नको, असा, आणि तो पडद्यापाशी तसाच राहिला.

मग आईची केवढी घाई! कपाटाकडे बोट दाखवलं. अनुसयाने हिरवं लुगडं काढलं, ते नको म्हणाली, दुसरं काढलं. अनुसयाने तिला नेसवलं, केस विंचरले, आपल्या केसातलं एक फूल काढून तिच्या अंबाड्यात खोचलं, आणि दोघी कशावर तरी खूप हसल्या. आईने पिशवी घेतली नाही. मेधा बघत होती. पिशवी घेते का, हेच बघत होती. नाही घेतली. तिला कुठे जायचं नव्हतं आज. तिला फक्त कुणीतरी यायला हवं होतं. आई दाराकडे तोंड करून बसली, कॅमेऱ्याकडे पाठ करून.

फोन वाजला. अनुसयाचा बोलका निरोप: 'आक्का, कामात फोन घेतला न्हाई, राग मानू नगा. आज्जी बरी हाय. तुमी येतायसा म्हून कळल्यापास्नं एका जागी ठरंना झालीय. नटून बसलीय बगा. मेधी कुठवर आली, मेधी कुठवर आली, सारखं इचारतीया. काय सांगू?'

मेधाने तो दोनदा ऐकला. मागे कुठेतरी लांबून आईचा आवाज होता, कित्येक महिन्यांनी ऐकलेला, शब्द कळत नव्हते. डब्यातल्या तुपाचा वास येत होता. लिहायला एकच ओळ होती, आणि ती खरी करायला अजूनही वेळ गेलेली नव्हती. तिने लिहिलं, 'वाटेत आहे.' धाडलं.

पडद्यावर अनुसयाने फोनकडे बघितलं, आईच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी सांगितलं. आईने मान डोलावली. मग कठड्याचा आधार घेत ती हळूहळू खाटेवर एका बाजूला सरकली, रिकाम्या झालेल्या जागेवरची चादर हाताने साफ केली आणि तिच्यावर तळवा ठेवून बसली. मेधाने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.